दिगंबरभाऊंचे इंजिन आणि माझे दोन शब्द

इरा आणि नील, कोळशावाचून किंवा पाण्यावाचून बंद पडलेली वाफेची इंजिने जगात पुष्कळ असतील. शाल-श्रीफळाने बंद पडलेले एकच आहे, आणि ते तुमच्या आजीने बंद पाडले.

वाफेच्या गाड्यांचे माझे वेड तुम्हाला ठाऊक आहेच. उटी झाली, दार्जिलिंग झाले. प्रत्येक ठिकाणी तुमचे आजोबा डोळ्यांतली काजळी पुसत म्हणत, "घरी चूल फुंकली असती तरी हेच मिळालं असतं."

मग राळेगावजवळच्या दिगंबरभाऊंनी कमाल केली. माणूस कापसाचा शेतकरी, पण बंद पडलेल्या कुठल्याशा साखर कारखान्याचे छोटे इंजिन त्यांनी भंगारातून आणले, दुरुस्त केले आणि शेताभोवती रूळ टाकले! पहिल्या फेरीला आम्हाला आमंत्रण.

"काकू, तुमी एवढ्या गाड्या पाह्यल्या. माईक तुमीच सांभाळा," ते म्हणाले.

इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिकेच्या हाती माईक देणे, ही त्या दिवसाची पहिली चूक. (माझी नव्हे.)

इरा, तू तिकडे परदेशात रात्रीची झोप सोडून शिट्टी ऐकायला व्हिडिओ कॉलवर बसली होतीस. "पाचच मिनिटं," मी तुला शब्द दिला आणि फोन आजोबांच्या हाती दिला.

इंजिनात पऱ्हाटीचा जाळ होता. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. पेटतात झटकन, राखही तितक्याच झटकन. भाऊंनी बैलगाडीभर रचून ठेवली होती. वाफ धरली, गावकरी डब्यात बसले. ठरल्याप्रमाणे मी सरपंचांचा सत्कार केला.

पण मला शिस्त लागते. सरपंचांचा केला, तर उपसरपंचांचा नको? त्यांचा केला, तर माजी सरपंचांनी काय घोडे मारले होते? एकेकाला डब्यातून उतरवून मी मंचावर घेतले. प्रत्येकाला "दोन शब्द" बोलायला सांगितले. आपल्याकडे दोन शब्दांना अर्धा तास लागतो, हे मी विसरले.

"काकू, पऱ्हाटी संपून राह्यली," इंजिनातून भाऊ ओरडले.

"शेवटचाच, भाऊ."

शाली संपल्या. मग सरपंचांची शाल उतरवून पुढच्याला घातली. नारळ तर एकच फिरत होता.

"आजी, ट्रेन कधी?" फोनमधून तू.

"तुझी आजी थांबली की," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात कळले की भाऊंचे जावई कडुनिंबाखाली पाठ फिरवून बसले आहेत. उपसरपंचांचा मान झाला आणि जावयाचा नाही! भाऊ इंजिन सोडून धावले. "जवाईबापू, चाला ना. गाडी तुमचीच हाय."

"आमाले कायले बोलावता? आमी कोन?"

समजूत काढली, शाल घातली, नारळ दिला. जावईही दोन शब्द बोलले. लग्नापासूनचे.

शेवटी सगळे पुन्हा डब्यात बसले. भाऊंनी शिट्टीची दोरी ओढली. इंजिनाने म्हाताऱ्या माणसासारखा एक सुस्कारा टाकला, हातभर पुढे सरकले आणि थांबले.

"संपली वाफ," भाऊ म्हणाले. "काकू, इंजिनाले बी दोन शब्द बोलायचे होते. तुमी बोलूच नाही देले."

अखेर जावयांसह सगळे सत्कारमूर्ती उतरले आणि गाडी ढकलत शेडमध्ये घेऊन गेले. फोनमध्ये पाहिले, तर इरा, तू उशीवर डोके टेकून झोपली होतीस.

काल भाऊंचा फोन आला. "काकू, रविवारी पुन्हा गाडी चालवतो. या टायमाले सत्कार तुमचाच ठेवला."

मी लाजून विचारले, "कधी ठेवलाय?"

"गाडी निघून गेल्यावर."

तेव्हा शिट्टी ऐकायची असेल, तर फोन आजोबांना करा. ते गाडीत असतील. मी मंचावर असेन. दोन शब्द बोलायची तयारी केली आहे. सध्या ते चार पाने झाले आहेत.