कोरी बाटली

"म्हाताऱ्याला आता बाटली धुतली का नुसती भिजवली, तेही दिसत नाही. पुढच्या महिन्यापासून जाळीवर पाठवतो त्याला."

साहेब फोनवर बोलत होते. त्यांच्या केबिनची भिंत अर्धीच होती, वर सगळं मोकळं. भिंतीच्या अलीकडे मी थेंब मोजायच्या काचेच्या नळीवर, ब्युरेटवर, नजर लावून बसले होते आणि मामा दारात, धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे दोन्ही हातांनी धरून. त्यांनीही ऐकलं. बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या, मग थांबल्या. मामांनी आत येऊन तो ट्रे माझ्या टेबलावर अजिबात आवाज न करता ठेवला.

शहराबाहेरच्या सांडपाणी केंद्रातली ही आमची छोटी प्रयोगशाळा. मला कामाला लागून पाच महिने झाले होते. मामा इथले मदतनीस, मूळचे वैरागकडचे, ठेकेदाराच्या हजेरीपटावर. जाळी म्हणजे केंद्राचं तोंड. शहरभरचं पाणी तिथं येतं आणि त्यातल्या पिशव्या, चिंध्या लांब दाताळ्याने ओढून काढाव्या लागतात. तिथे उतरायला उभा लोखंडी जिना आहे. मामांचे गुडघे असे की खाली पडलेलं रबरी बूच उचलायलाही ते आधी टेबल धरायचे.

आमचं काम ऐकायला अवघड, पण आहे साधं. घाण पाण्यातले जंतू घाण खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. म्हणून नमुन्यात स्वच्छ पाणी मिसळून बाटली काठोकाठ भरायची, आणि इन्क्युबेटरच्या कपाटात सत्तावीस अंशांवर अंधारात तीन दिवस ठेवायची. आधी किती ऑक्सिजन होता आणि नंतर किती उरला, यावरून पाणी किती घाण ते कळतं. त्याला आम्ही बीओडी म्हणतो. मामा म्हणायचे, "पोटात घाण जास्त, तर दम जास्त लागतो. माणसागतच की."

बाटली भरायला मला त्यांनीच शिकवलं. पुस्तकात लिहिलं होतं, बुडबुडा राहू नये. कसं, ते लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या बाटल्यांमधून गुळगुळ आवाज यायला लागला, तेव्हा मामा मागून म्हणाले, "म्याडम, तांब्यातनं ओतल्यागत नगं. लेकराला दूध पाजतो न्हाय का, तसं. कडंकडंनं." इन्क्युबेटरचं दार लावताना ते विचारायचे, "निजवल्या का समद्या?" बाहेर बेचाळीस अंश असले की म्हणायचे, "आपल्यापरास ह्याच सुखात हायत."

मी हसायचे, पण बोलायचे कमीच. माझी शाळा इंग्रजी. घरी मराठी असली तरी चारचौघांत बोलताना वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आमच्या मॅडमचा आवाज इन्क्युबेटरमध्ये ठेवलाय. तीन दिवसांनी निघंल." सगळे हसले होते. मामा हसले नव्हते. त्या दिवशी त्यांनी माझा डबा खिडकीपाशी उन्हात ठेवला आणि म्हणाले, "गरम ऱ्हातंय हितं." मी एकटीच जेवते हे त्यांनी पाहिलं होतं. त्यावर कधी काही विचारलं नाही.

साहेबांचा राग कोऱ्या बाटलीवरून होता. प्रत्येक वेळी एका बाटलीत नुसतं मिसळायचं पाणी भरतात, नमुना काहीच नाही. तिच्यातला ऑक्सिजन तीन दिवसांनी जवळजवळ तितकाच उरायला हवा. तो घटला तर कुठेतरी घाण शिरली असं समजायचं आणि त्या दिवसाचे सगळे आकडे बाद. आमची कोरी बाटली लागोपाठ तीन आठवडे बिघडली होती. घाण शिरायची जागा साहेबांना एकच दिसत होती: मामांचे हात.

साहेबांचा फोन ऐकला त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. तिन्ही वेळा बाटली शुक्रवारी बिघडली होती, म्हणजे मंगळवारी भरलेली. बाकी दिवसांचे आकडे ठीक. मंगळवारी वेगळं काय होतं? मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, गेल्या तीन आठवड्यांपासून आम्ही डाइंगच्या वस्तीकडून येणाऱ्या नाल्याचं पाणी तपासत होतो. टॉवेल-चादरींचं ते रंगीत पाणी ब्लीचने इतकं मारलेलं असतं की त्यात जंतूच उरत नाहीत. म्हणून मिसळायच्या पाण्यात साध्या सांडपाण्याचे थोडे थेंब घालावे लागतात, दुधाला विरजण लावल्यासारखे. विरजण लावलेलं पाणी उरलं तर त्याच दिवशी फेकून द्यायचं असतं.

मी ते फेकत नव्हते.

कॅनमध्ये तीन-चार लिटर उरायचं. आमच्या शुक्रवार पेठेत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. भाजी धुतलेलं पाणी आई फरशीला वापरते, फरशीचं कुंडीला. इतकं नितळ, वाफ करून गाळलेलं पाणी मोरीत ओतायला माझा हात वळेना. मंगळवारी मी त्यातच नवीन पाणी भरायचे. एवढ्या पाण्यात चार थेंबांनी काय होतंय, असं स्वतःला समजवायचे.

खात्री तर करायला हवी होती. पुढच्या मंगळवारी दोन कोऱ्या बाटल्या भरल्या, एक ताज्या पाण्याची, एक उरलेल्यात भर घातलेली. दोन्ही मामांनीच धुतलेल्या. बाकीचे नमुने ताज्या पाण्यात लावले. मग तीन दिवस वाट पाहायची.

ते तीन दिवस मला अजून आठवतात. मामा एकेक बाटली पाच-पाचदा धूत होते. खिडकीत धरून एक डोळा मिटून बघायचे, परत नळाखाली. बोटांची कातडी पांढरी पडली होती. गुरुवारी एक बाटली घेऊन ते माझ्याजवळ आले. "म्याडम, तुमची नजर ताजी हाय. जरा बघा की, काय ऱ्हायलंय का आत."

मी बाटली उजेडात धरली. आत काहीही नव्हतं.

"स्वच्छ आहे, मामा."

"व्हय? मला आता कळंनाच झालंय," ते म्हणाले आणि तरी ती पुन्हा धुवायला घेऊन गेले.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. वाक्य जुळलंही होतं. पण मी रजिस्टर ओढून आकडे लिहायला घेतले.

रात्री घरी मोबाईलवर साहेबांना इंग्रजीत मेल लिहायला घेतला. इंग्रजीत ते फार सोपं गेलं. पाणी फेकलं गेलं नाही, परिणाम आढळून आला, पुढे काळजी घेतली जाईल. दोनदा वाचल्यावर दिसलं की त्यात चूक होती, पण ती करणारं कुणी नव्हतं. मी मेल पुसून टाकला.

शुक्रवारी दोन्ही बाटल्या काढल्या. औषधं घातल्यावर दोन्हींत तांबूस ढग उतरला. मग आम्ल, मग स्टार्चची निळाई, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब. ताज्या पाण्याच्या बाटलीची निळाई जायला जितके थेंब लागायला हवेत तितके लागले. दुसरीची फार लवकर गेली. तिच्यातला ऑक्सिजन खाल्ला गेला होता. शेजारी मामा ट्रे पुसत होते. हे आकडे कशाचे, त्यांना माहीत नव्हतं.

साहेब कागद घेऊन बाहेर आले. "मामा, सही करा. सोमवारी एक तारीख, तेव्हापासून जाळीवर. राग मानू नका, वय झालं की होतं असं."

"व्हय साहेब," मामा म्हणाले. हात शर्टाला पुसले आणि पेन शोधू लागले. पेन माझ्या टेबलावर होतं. त्यांनी हात पुढे केला. मी पेन दिलं नाही. उठून उभी राहिले. स्टूल मागे सरकून पडलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कुठलंही वाक्य जुळलेलं नव्हतं.

"सर, बाटल्या स्वच्छच होत्या. उरलेलं पाणी माझ्याच्यानं फेकवलं नाही, मीच त्यात नवीन भरत होते. दर मंगळवारी. मीच."