धापूबाईचा तळहात

धापूबाईचं नाव तिच्या आईबापांनी देवाला निरोप म्हणून ठेवलं होतं. धापू म्हणजे पोट भरलं, आता पुरे. घरात पाचवी मुलगी झाली तेव्हा वरच्याला नीट कळावं म्हणून हे नाव. वरच्यानं निरोप वाचलाच नसावा, कारण धापूच्या पाठीवर आणखी दोघी आल्या. धापू मात्र जन्मभर त्या नावाला जागली. कशाचाही तिला लवकर कंटाळा येई. लग्नांचा, देवदर्शनाचा, सगळ्याचा. एका गोष्टीचा कधी आला नाही: दुसऱ्यांच्या डोक्याला मेंदी लावून ती शेकत बसायचा.

राजस्थानातल्या सोजतेत मेंदीचं कुणालाच कौतुक नाही. शेतात मेंदी, गोदामात मेंदी, वारा सुटला की डाळीतसुद्धा मेंदी. तरी थंडीच्या दिवसांत गल्लीतल्या पिकल्या केसांच्या बायका धापूबाईच्याच अंगणात येत, त्या तिच्या शेकासाठी. माघातली मेंदी नुसती थापून बसलं तर केस जेमतेम हळदीसारखे होतात आणि बाईला आठ दिवस शिंका येतात. धापूबाई आदल्या संध्याकाळी लोखंडी कढईत कोमट पाण्यानं मेंदी कालवी आणि निवत्या चुलीशेजारी झाकून ठेवी. उकळतं पाणी घालणाऱ्या बाईला ती खुनी म्हणे. त्यानं पानातला रंग मरतो. सकाळी लेप लावला की वर एरंडाची पानं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर जुन्या लुगड्याचा धडपा आणि सगळ्यावर गरम पाण्यातून पिळून काढलेला टॉवेल. टॉवेल तीनदा बदलायचा. बाईला भिंतीशी उन्हात बसवायचं. त्या अवस्थेत गावची सरपंचीणसुद्धा बांधून ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीसारखी दिसे.

तासाभरानं धापूबाई धडप्याखाली हात घालून टाळूवर तळहात टेकवी. आतून ऊब आलेली असली पाहिजे, नुकत्या फुगलेल्या पोळीच्या पोटासारखी. आली की ती म्हणे, "तापलं." मग धुवायला परवानगी.

तो हात आत गेला की अंगणातल्या गप्पा थांबत. सासूची नक्कल करणारी बाईसुद्धा मध्येच गप्प होई. का, ते कुणी बोलत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं. धापूबाईला आजवर तीन डोकी गार लागली होती. पहिलं तिच्या नवऱ्याचं, मांगीलालचं. चुलतभावाच्या लग्नाला तरुण दिसायचं म्हणून त्यानं हट्टानं मेंदी लावून घेतली. तीन शेक दिले, तरी टाळू रांजणाच्या बुडासारखी गार आणि केस धुतल्यावर फिकट पिवळे. धापूबाईला वाटलं, मेंदी जुनी असेल. तेराव्या दिवशी मांगीलाल दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या गेला. मग लोहारणीची आई. दातानं ऊस सोलणारी बाई, अकराव्या दिवशी गेली. मग टपालमास्तरांची बायको, आठव्या.

विधवेच्या हाताला मेंदी चालत नाही, हे गावाला माहीत होतं, पण धापूबाईचे तळहात बारा महिने नवरीसारखे लाल असत. आधी कुणी नाक मुरडलं असेल. टपालमास्तरांच्या बायकोनंतर त्या हातांना नावं ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

त्या हातांना एकच बाई भीत नसे, ती म्हणजे तिची थोरली जाऊ झमकू. झमकूबाई ऐंशीची. धापूबाई बासष्टची झाली तरी तिला अजून 'बीनणी' म्हणजे नवी नवरी म्हणे आणि नव्या नवरीला सांगावं तशी कामं सांगे. दोघी एकाच अंगणाच्या दोन बाजूंना राहत आणि मधल्या नळावरून चाळीस वर्षं भांडत आल्या होत्या. आता झमकूबाईचा हुबळीत विजेच्या सामानाचं दुकान असलेला नातू बाप झाला होता. पणतू झाला की पणजीनं सोन्याची इवलीशी शिडी करून तिला पायाचा अंगठा लावायचा असतो. म्हणजे पुढे वरची वाट सरळ. शिडी घडवून तयार होती, बोटभर, पाच पायऱ्यांची. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. झमकूबाईचा धाकटा मुलगा भेराराम तिला पोचवायला जाणार होता. पणतवाला पांढऱ्या केसांनी भेटणार नाही, असं झमकूबाईनं जाहीर केलं आणि येऊन भिंतीशी बसली.

पहिल्या शेकानंतर धापूबाईनं सवयीनं हात आत घातला. टाळू गार होती. माघातल्या पहाटे नळाचं पाणी असतं तशी.

"तापलं का गं, बीनणी?" झमकूबाईनं विचारलं.

"तापतंय," धापूबाई म्हणाली.

ती पाणी आणायला आत गेली आणि चुलीपाशी नुसती उभी राहिली. सांगावं, तर म्हातारी इथेच हाय खाईल आणि शिडी कपाटात राहील. न सांगावं, तर दोन दिवसांच्या गाडीत, कुठल्या तरी भलत्या स्टेशनात, भेराराम नावाच्या मठ्ठ माणसाच्या मांडीवर ती जाईल. आणि सांगितल्यावर तिनं विचारलं, किती दिवस, तर? तेरा, अकरा, आठ. हा आकडा दर वेळी उतरत आला होता. धापूबाईनं ठरवलं की काही झालं तरी हे डोकं तापवायचं. तापलं की मग गोष्ट निराळी.

दुसरा टॉवेल तिनं उकळत्या पाण्यातून काढला. झमकूबाई किंचाळली, भाजतंय म्हणाली. धापूबाईनं धडप्याखाली चाचपलं. गारच. म्हातारीला कळलंय, उगाच गरम गरम म्हणतेय, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत या बाईनं खोटं बोलून तिला कधी बरं वाटू दिलं नव्हतं, आज पहिल्यांदा. तिनं तिसरा टॉवेल टाकला. मग तव्यावर मीठ तापवून त्याची पुरचुंडी केली आणि पानांवरून शेकू लागली. झमकूबाईनं तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, भाजून खातेस का मला म्हणाली, नळावरचा हक्क सोडते पण हे थांबव म्हणाली. नळावरचा हक्क सोडते, हे ऐकून तर धापूबाईची खात्रीच पटली की म्हातारीचा शेवट जवळ आला. ती पुन्हा पुन्हा हात घाली. ऊन चांगलं चढलं होतं, भिंत शेकून निघाली होती, अंगणातली मांजरं उन्हाला कंटाळून सावलीत गेली होती. आणि तळहाताखाली तो गारवा तसाच, हलत नव्हता, उलट मनगटाकडे चढतोय असं वाटत होतं.

शेवटी झमकूबाई स्वतःच उठली, नळाखाली बसली आणि तिनं डोकं धुतलं. तांबडं पाणी मोरीभर झालं. धापूबाई पिवळे केस बघायच्या तयारीनं उभी होती.

केस पिवळे नव्हते. गडद, विटेसारखे लाल, सोजतेत वर्षातून एखादीलाच चढावा असा रंग. आणि त्याखाली कपाळाची कड सोलवटल्यासारखी, कानामागे रुपयाएवढा फोड.

"हे गार डोकं वाटलं तुला?" झमकूबाई म्हणाली. त्या तीन गार डोक्यांचं तिलाही ठाऊक होतं. "मी बोंबलत होते, बीनणी. मेलेलं माणूस बोंबलतं का?"

धापूबाईला आधी हसू आलं. मग झमकूबाईनं तिचे हात धरून उलटे केले. लाल तळहातांवर फोडच फोड होते, टम्म, पाण्यानं भरलेले. उकळत्या पाण्यातून पिळलेले टॉवेल, तापल्या मिठाची पुरचुंडी. बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती.

"लागलं नाही तुला?"

"नाही."

झमकूबाईनं एक फोड दाबला. "आता?"

"नाही."

भेरारामची बायको डोकावली आणि तिनं शहाण्यासारखं सांगितलं की याला साखरेचा आजार म्हणतात, तिच्या मामाचे असेच पाय बधिर झालेत, उद्या दवाखान्यात दाखवा. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तिला दूध तापवायला पिटाळलं. कढईत थोडी मेंदी उरली होती. धापूबाई भिंतीशी जाऊन बसली, गारवा नक्की कुणाचा ते कळावं म्हणून. तिच्या डोक्याला दुसऱ्या कुणी आजवर मेंदी लावली नव्हती.

झमकूबाईनं लेप लावला तो भिंत सारवावी तसा. अर्धा कानात गेला. पानं उलटी घातली, धडपा जेमतेम बांधला, टॉवेल मात्र नीट पिळून, स्वतःच्या गालाला लावून पाहून ठेवला. एकदा बदलला, दोनदा बदलला, तीनदा बदलला. धापूबाईला जड वाटत होतं, ओलं वाटत होतं. गरम वाटतंय का, हे तिला नीट सांगता आलं नसतं. तिनं डोळे मिटून घेतले. मग झमकूबाईचा हात आत आला. म्हातारपणानं थरथरणारा हात, पण टाळूवर टेकला आणि स्थिर झाला. बराच वेळ तिथेच राहिला. धापूबाई कधी इतका वेळ ठेवत नसे.

झमकूबाईनं हात काढला, ओढणीला पुसला आणि भेरारामला हाक मारली. तिकिटं रद्द कर म्हणाली.

भेराराम वैतागला. सगळी मंडळी तिकडे जमलीत, जेवणावळीचं सांगून झालंय, शिडी वाट बघतेय, असं तो सांगू लागला.

"शिडी कुठे पळून जात नाही," झमकूबाई म्हणाली. "पोराला इकडे आण म्हणावं. फाल्गुनानंतर."

"का पण, बाई? झालं काय?"

"कपाळ भाजलंय माझं. असं तोंड घेऊन जाऊ पणतवापुढे?"

भेराराम कपाळाला हात लावून गेला. धापूबाईनं डोळे उघडले. झमकूबाई चुलीवर पुन्हा पाणी चढवत होती आणि नळाच्या जुन्या भांडणातला एक मुद्दा, जो तीस वर्षांपूर्वी तिला सुचला नव्हता, तो आता सुचल्यासारखा मोठमोठ्यानं सांगत होती. 'तापलं' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. धापूबाईनं डोकं थोडं पुढे केलं, चौथा टॉवेल घ्यायला.