बाजेवरचं वाचन

नातीच्या बाळंतपणात दादरच्या इस्पितळाने एक कापडी पुस्तक भेट दिलं. धुता येणारं. सोबत सूचना: बाळाला पहिल्या दिवसापासून वाचून दाखवा. नातजावई ती मला अशा थाटात ऐकवत होता, जणू वाचनाचा शोध परवाच कुणीतरी लावला. "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?"

होतं की. आमच्याकडे मनाई होती.

मी सातवी पास. माहेरी त्याचं कौतुक, सासरी ती एक खोड. त्यात लालबागच्या चाळीतली एक खोली आणि मी बाळंतीण. कानात कापूस, डोक्याला फडकं, बाजेखाली शेगडी. नियम शंभर होते, पण सगळ्यांत कडक हा, की सव्वा महिना बाळंतिणीने एक अक्षर वाचायचं नाही. "डोळे जातले गो," सासूबाई म्हणायच्या. धुरीच्या धुराने डोळे जात नसत, ते अक्षरांनीच जात. स्वतः सासूबाईंनी जन्मात अक्षर वाचलेलं नव्हतं आणि त्यांची नजर घारीसारखी होती. याहून मोठा पुरावा तो काय हवा?

आमचे हे गिरणीत. पाळी सुटली की संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला. मुंबई महाराष्ट्राला मिळवून द्यायचं काम ह्यांच्याविना अगदी अडून राहिलेलं. घरात पाणी भरायचं काम मात्र ह्यांच्याविना सुरळीत चाले. येताना हे पेपर आणत आणि सासूबाई तो लगेच डिंकाच्या लाडवांखाली अंथरत. मग मी एकेक लाडू उचलून खालच्या तुपकट बातम्या वाचायची. सुनेला भूक चांगली लागते, असं सासूबाई शेजारणींना अभिमानाने सांगत.

एके दिवशी हे मोर्चाला गेले ते परतलेच नाहीत. गोळीबार झाल्याचं संध्याकाळीच चाळीत कळलं होतं. सकाळ झाली तरी पत्ता नाही. चाळीतले वाचता येणारे पुरुष ह्यांच्यासारख्यांना शोधत इस्पितळं आणि चौक्या पालथ्या घालत होते. सासूबाई खाली जाऊन पेपर घेऊन आल्या. आपला मुलगा जिवंत आहे की नाही, ते त्या कागदावर असणार; आणि तो वाचणारी घरात एकच, तीही बाजेवर. त्या पेपर छातीशी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. नियम मोडायचा, आणि तोही स्वतःचा! शेवटी त्यांनी पेपर माझ्या हातात न देता पोराच्या दुपट्यावर ठेवला.

"तू वाचू नको. तेका वाचून दाखव."

नुकतं बारसं झालेलं ते पोर. त्यालाच तेवढी बातम्यांची घाई झाली होती! मीही लहान बाळाशी बोलतात तसल्या लाडिक सुरात सुरुवात केली. "ऐक हं सोन्या, काल किनई मोठ्ठा मोर्चा निघाला..." पुढे मेलेल्यांची नावं होती. फार भ्यायले होते मी. ती ओळ आली तशी मी तिच्यावरून उडी मारली आणि त्याच सुरात सांगून टाकलं, "सगळे सुखरूप आहेत हो बाळा, कुणाला काही झालं नाही."

सासूबाई कागदाकडे बघतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"खरा वाच. झिलाक आतापासून खोटा नको शिकवू."

मग वाचलं. लाडिक सूर कुठल्या कुठे गेला. एकेक नाव घेत गेले आणि प्रत्येक नावाला सासूबाईंची मूठ पोराच्या पायावर आवळत गेली. ते कळवळून रडायला लागलं तरी त्यांना भान नव्हतं. ह्यांचं नाव आलं नाही. हे कोठडीत बसून तिथल्या भाकरीवर कुरकुरत होते, हे पुढे कळलं. त्या घडीला आमच्या हातात एवढंच होतं, की नाव आलं नाही. मला रडू आवरेना.

पोर दमून झोपी गेलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पेपर पुन्हा त्याच्या अंगावर नीट पसरला.

"परत वाच," म्हणाल्या. "मगाशी तेचा ध्यान नव्हता."