उद्यापासून माझी ड्युटी नाही

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते स्वतःच फोन करतात! "भाऊ, कॉम्प्युटरात काही घुसलं काय, जरा पाहून द्या ना." एवढं ऐकलं की मी बाइकला किक मारतो. अकोल्यात माझं अन् गजूभाऊंचं दुरुस्तीचं दुकान आहे. वीस वर्षं झाली, वाटायचं आता कशाचंच नवल वाटणार नाही. कसलं काय! दर महिन्याला एक तरी असा भेटतो की आपण तोंडात बोट घालून बसतो.

पातूरचे एक रिटायर्ड काका. कॉम्प्युटर चालू व्हायला अर्धा तास. ते बटण दाबून अंघोळीला जायचे, पूजा आटपून परत यायचे, तेव्हा कुठे स्क्रीन दिसायची. मी तपासलं, तर आत एक नाही, दोन नाही, चार अँटीव्हायरस!

"काका, चार-चार काहून?"

"एक झोपला तं दुसरा जागा राहीन!"

बरं, ते चौघं करत काय होते? तर एकानं बाकीच्या तिघांना व्हायरस समजून कोंडून ठेवलं होतं. अन् खरा व्हायरस मजेत बसला होता. त्याच्याकडे बघायला वेळ कोणाला होता?

वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी तर त्याहून वरचे. त्यांचा फोन आला, "मी सोताच व्हायरस काढला. पण आता मशीन चालूच नाही होऊन राहिलं."

"काढला म्हणजे काय केलं शेठ?"

"आतमंदी हज्जारो फाइली होत्या भाऊ! मी सोता त्यातली एकही आणून ठेवली नव्हती. वयखीची नाही दिसली का काढून टाकली. कॉम्प्युटर इचारे, पक्कं काढू काय? मी म्हणो, काढ!"

अख्खं विंडोज उपटून टाकलं होतं बाप्पा! मी कपाळाला हात लावला, तर मलाच म्हणतात, "सडकं संत्रं पेटीत ठेवते काय कोणी?" गुपचूप चहा प्यालो अन् मशीन घेऊन आलो.

गिऱ्हाइकांना हसण्यात अर्थ नाही म्हणा, आमचे गजूभाऊ काही कमी नाहीत. दुकानात मोठ्ठी पाटी त्यांनीच लावली आहे, 'अनोळखी फाइल उघडू नये'. त्याच पाटीखाली बसून त्यांनी अनोळखी नंबरवरून आलेली 'लग्नपत्रिका' दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडली! पत्रिका नाही अन् काही नाही. आत व्हायरस होता, पाच मिनिटांत त्यानं सगळ्या फाइलींना कुलूप ठोकलं.

मी ओरडलो, "अहो, कोणाचं लग्न ते तरी माहीत होतं का?"

"तेच तं पाहाचं होतं ना बे! घरचंच असतं अन् नाही गेलो, तं जन्मभर नाव ठेवतीन लोकं!"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं. अमरावतीच्या सिंधूमावशींचं मात्र तसं झालं नाही. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मावशी निवृत्त शिक्षिका, घरात एकट्याच. मुलगा अमोल बंगळुरूला. तो अकोल्यात शिकत होता तेव्हापासूनची आमची ओळख. मावशींचे गुडघे धरलेले, त्यामुळे बँकेचा सगळा व्यवहार घरच्या कॉम्प्युटरवरून. जन्मभराची पुंजी त्या एका खात्यात. अमोल म्हणाला, "दादा, आईचा पीसी फार स्लो झालाय. व्हायरस आहे का बघून याल?"

दुपारी गेलो. खुर्चीवर टेकलो, तर स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकला! माझा हात माउसवर नव्हताच. मी ताडकन उठलो.

"भेऊ नको रे," मावशी म्हणाल्या. "आपला अमोलच हाय. तिकडून पाहून राहिला असन. आमी बोलतो बी याच्यावर."

त्यांनी एक फाइल उघडून दाखवली. पानंच्या पानं भरलेली. मावशींनी लिहिलेलं, "जेवला काय बाळा?" खाली उत्तर, "हो आई." "सर्दी कमी झाली काय?" "झाली." "पोळ्याले पुरण केलं, तू पाह्यजे होता." "पुढच्या वर्षी."

मी तिथूनच अमोलला फोन लावला, स्पीकरवर. "आईच्या कॉम्प्युटरवर शेवटचा कधी आला होतास?"

"मी? वर्ष होत आलं असेल दादा. वेळच मिळत नाही."

फाइलमधलं शेवटचं उत्तर कालचं होतं!

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. "मंग माया वाढदिवसाले कोण बोललं रे?"

मी भराभरा तपासलं. अमोलनं टाकलेल्या, लांबून कॉम्प्युटर चालवायच्या प्रोग्रॅमशिवाय आणखी एक तसाच प्रोग्रॅम आत होता. मावशींना आठवलं. मागं एकदा स्क्रीनवर लाल इशारा आला होता, त्यातल्या नंबरवर त्यांनी फोन केला होता. "तो म्हणे, व्हायरस काढून देतो. सांगे तसं मी करत गेली." असल्या टोळ्या ऑफिससारख्या चालतात, एकेका सावजावर एकेक माणूस ड्युटीला. म्हणजे इतके महिने कोणी परका त्यांचं सगळं बघत होता, खात्यासकट!

मावशींच्या मोबाइलवरून बँकेला विचारलं. पै न पै जागेवर! हायसं वाटण्याऐवजी मी जास्तच घाबरलो. चोर घरात बसलाय, तिजोरी उघडी आहे, अन् चोर विचारपूस करतोय?

मी नेटची वायर उपटायला वाकलो, तर मावशींनी माझा हात धरला.

"थांब. मले एक इचारू दे."

चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "तू कोण आहेस बाळा?"

बाण जागच्या जागी थांबला. मग एकेक अक्षर उमटायला लागलं.

"आई, पासवर्ड आजच बदला. उद्यापासून माझी ड्युटी नाही."