कंपायलर असतोच की

आमच्या लॅबचे साहाय्यक शरणप्पा मामा सव्वीस वर्षं एकच प्रोग्रॅम लिहीत आलेत. चार ओळींचा. चालवला की पडद्यावर 'दुधनी' एवढंच उमटतं, ते त्यांचं गाव. परीक्षेआधी प्रत्येक कॉम्प्युटरवर तो चालवायचा, गाव दिसलं की वहीत त्या नंबरापुढे खूण करायची आणि 'आयतु' म्हणायचं. आयतु म्हणजे कानडीत झालं. मामा दहावी शिकलेले. मी एमटेक, सोलापुरातल्या या डिप्लोमा कॉलेजात सात वर्षं शिकवते, आणि खरं सांगायचं तर मला त्या चार ओळींचं हसू यायचं.

गेल्या खंडेनवमीला चोवीस नवे कॉम्प्युटर आले. बसवणाऱ्यांनी घाईघाईत त्यांत लिनक्स टाकलं आणि ते निघून गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सी प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल परीक्षा होती. खंडेनवमीला पूजा झाली की यंत्राला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. ताटात हळदकुंकू घेऊन मी दारात उभी होते, तर मामा एका कॉम्प्युटरपुढे बसायला निघालेले.

"मॅडम, एक डाव चालवून बगतो. मग फुलं वाहू."

"मामा, लिनक्समध्ये कंपायलर असतोच की. जुन्यांत नव्हता का? उरका आता, मला घरी घट आहेत."

जुन्यांत होता. तो मामांनीच कधीकाळी स्वतंत्र घातला होता, हे मला ठाऊक नव्हतं. ज्या प्रणालीचा सगळा कोड उघडा, तिच्यात तो कोड बांधायचं अवजार आपोआप येणारच, असं मी धरून चालले होते. तपासायची गरज वाटली नाही. माझ्या शब्दावर मामांनी 'सर्व यंत्रे तपासली' या कागदावर सही केली.

परीक्षेच्या दिवशी सव्वानऊला मामांनी हार काढले आणि पहिल्या कॉम्प्युटरवर चार ओळी टाइप केल्या. 'दुधनी' आलं नाही. अशी आज्ञा सापडत नाही, असं आलं. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. प्रोग्रॅम लिहिता येत होता, पण त्याला यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर एकाही कॉम्प्युटरवर नव्हता.

परीक्षेमुळे लॅबचं इंटरनेट तोडलेलं. बाहेर व्हरांड्यात चोवीस मुलं. टेंभुर्णीहून आलेले परीक्षक अजिनाथ सर घड्याळ बघून म्हणाले, "परीक्षा दहाची. साडेदहापर्यंत थांबतो. नाही झालं तर परीक्षा रद्द, आणि मला अहवालात कारण लिहावं लागेल. तपासणीची सही कुणाची?"



"माजी," मामा म्हणाले.

मार्चमध्ये मामा निवृत्त होणार होते. सव्वीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात एक वाकडा शेरा नाही. हे मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिले. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

सरांची परवानगी घेऊन मी मोबाइल पहिल्या कॉम्प्युटरला जोडला. रेंज रडतखडत. एकावर कंपायलर उतरायलाच दहा बारा मिनिटं लागली. चोवीस कॉम्प्युटर, म्हणजे दुपार उलटणार. मी डोकं धरून बसले.

"मॅडम, उतरलेल्या फायली त्यातच कुटंतरी ऱ्हात्यात की. पैल्यांदा नेट कुटं हुतं आपल्याकडं? मी तशाच न्यायचो, एकावरनं दुसऱ्यावर."

खरंच राहतात. मी एमटेक असून मला ते सुचलं नव्हतं. फायली सापडल्या, दोन पेनड्राइव्हवर घेतल्या. खिडकीकडची रांग मामांची, भिंतीकडची माझी. पेनड्राइव्ह लावा, पासवर्ड टाका, थांबा, काढा. माझा पासवर्ड दोनदा चुकला. मामांची बोटं सावकाश चालत होती, पण एकदाही चुकली नाहीत. प्रत्येकावर ते चार ओळी चालवूनच पुढे सरकत. दहा वाजून गेले. सव्वादहा झाले. एकोणिसाव्यावर पेनड्राइव्ह दिसेचना, तेव्हा मामांनी तो काढून शर्टाला पुसला आणि परत लावला.

दहा अठ्ठावीसला शेवटच्या पडद्यावर 'दुधनी' आलं. मामा 'आयतु' म्हणाले नाहीत. मुलांना आत घ्यायला गेले.

परीक्षा पार पडली. दुपारी अजिनाथ सरांनी अहवाल लिहिला, 'साहाय्यकाने यंत्रे न तपासता सही केली, परीक्षा अर्धा तास उशिरा.' मामांनी तो वाचला आणि खाली सही केली. सर पाकिटावर पत्ता घालायला ऑफिसात गेले.

कॉम्प्युटरचे नंबर जुळवायला मी मामांची वही उघडली. खंडेनवमीच्या पानावर चोवीस आकडे, पण एकापुढेही खूण नव्हती. खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ होती, 'कंपायलर असतोच, दिपाली मॅडम बोलल्या. बघायचं राहिलं.'

सकाळपासून ही वही मामांच्या खिशात होती. त्यांनी ती बाहेर काढली नव्हती.

"मामा, ही दाखवली का नाही?"

"सही माजी हुती की मॅडम."

मी वही घेऊन ऑफिसकडे पळाले. सरांनी पाकिटाला नुकता डिंक लावला होता. मी ते पान त्यांच्यापुढे उघडलं आणि म्हणाले, "सर, बंद करू नका. अहवालात माझं नाव घालायचं राहिलंय."