माझ्या केसांचा कट कोणी केला

बारावीचा निकाल लागला तेव्हा माझे केस कमरेच्या खाली होते. जाड आणि नागमोडी. माय रोज सकाळी तेल चोपडून त्यांची इतकी घट्ट वेणी घालायची की कपाळाची कातडी ताणली जायची. धुळ्यात आमच्या गल्लीत सगळ्या मुलींच्या वेण्या तशाच होत्या, त्यामुळे कुणाला काही वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं, वहिनी येईपर्यंत.

भावाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. वहिनी जळगावची. लग्नाआधी ती तिथल्या एका पार्लरमध्ये वर्षभर काम शिकली होती, पण आमच्याकडे ते सांगायची सोय नव्हती. तिच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी, मऊ कापडात गुंडाळलेली एक लांब बारीक कात्री होती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कळलं तर काय होईल, हे तिनं मला पहिल्या आठवड्यातच विचारून घेतलं होतं. मला बहीण नव्हती. दुपारी भांडी घासून झाली की आम्ही दोघी माडीवर जाऊन बसायचो आणि ती मासिकांतले फोटो दाखवायची. त्यातल्या एका मुलीचे केस वरून आखूड, खाली खाली लांब होत गेलेले, वाऱ्यानं विस्कटल्यासारखे होते.

"तुमच्या केसांना हा स्टेप कट काय शोभेल, ताई!" वहिनी म्हणाली. "असे केस पार्लरमध्ये मिळायला नशीब लागतं."

मला जळगावला होस्टेलवर राहून फार्मसी करायची होती. मार्क पुरेसे होते, आबांनी अर्धा होकारही दिला होता. होस्टेलवर वेणी घालून जायचं नाही, असं मला मनातून फार वाटत होतं.

माय एका लग्नासाठी एरंडोलला गेली त्या दुपारी वहिनीनं मला माडीवर जुन्या चादरीवर बसवलं. केस ओले केले, विंचरून त्यांचे भाग पाडले, टाळूवरची एक बट सरळ वर धरली आणि कापली. "हे माप. बाकीचे सगळे ह्याच्यावर," ती म्हणाली. तिचा हात इतका सहज चालत होता की मला भीती वाटलीच नाही. वरची बट कानाला, मधली मानेला, खालची खांद्याच्या थोडी खाली. चादरीवर केसांचा ढीग पडला. आरसा हातात घेतला तर मी मलाच नवी वाटले. वहिनी मागे उभी राहून हसत होती. लग्नानंतर तिला इतकं मनापासून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी माय आली. दारातच थबकली.

"हाई काय करी ठेवं वं पोरी? बठ्ठा केस गयात!"

आबा बाहेर आले. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा वहिनीकडे पाहिलं. "कोणी कापले?"

मी वहिनीकडे पाहिलं. आपण दोघी मिळून सांगू, असंच माझ्या मनात होतं. वहिनीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मी नको नको म्हणत होते. ताईंनी ऐकलंच नाही. स्वतःच कात्री चालवली."

खोटं आहे म्हटलं असतं तर तिची पेटी उघडली गेली असती, हे मला त्या क्षणीही कळत होतं. ती खरं सांगेल म्हणून मी थांबले. ती आत चहा ठेवायला गेली.

आबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "घरात असून हे करते, ती होस्टेलवर काय करील? इथंच शिकू दे काय शिकायचं ते." माय खाली बघत उभी होती. जळगाव तिथंच संपलं. मी धुळ्यातच बी.ए.ला नाव घातलं.

रात्री वहिनी हळूच म्हणाली, "महिन्याभरानं टोकं नीट करून देते हं." मी म्हटलं, "हात लावू नकोस."

केस परत वाढवायचे, असं घरच्यांनी गृहीत धरलं होतं. मी हट्टानं ते तसेच ठेवायचे ठरवले. शिक्षा भोगायचीच होती, तर ज्याच्यासाठी भोगतेय ते तरी हातात राहावं. पण तसा कट घरी सांभाळणं सोपं नव्हतं. तेल लावलं की सगळ्या पायऱ्या डोक्याला चिकटायच्या आणि मी भिजलेल्या कोंबडीसारखी दिसायचे. नुसते धुतले तर पिंजलेल्या कापसासारखे फुलायचे. चुकत चुकत शिकले. तेल आदल्या दिवशी, सकाळी शिकेकाई. पंचानं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती पातळात केस मुठीमुठीनं दाबायचे. ओले असतानाच मोठ्या दातांच्या फणीनं विंचरायचे, वाळल्यावर फणी लावायची नाही. जवस उकळून त्याचा बुळबुळीत चीक गाळून घ्यायचा आणि टोकांना चोळून केस खालून वर चुरगळायचे. मग सावलीत वाळू द्यायचे, कारण आमच्याकडच्या उन्हात ते कडब्यासारखे होत.

कापणं सगळ्यांत अवघड. कपाटाच्या आरशाकडे पाठ करून आबांचा दाढीचा आरसा हातात धरायचा, तर कात्रीला हात उरत नसे. शेवटी तो आरसा खिडकीच्या गजाला बांधला. पहिल्या वेळी डावी बाजू दोन बोटं आखूड झाली. महिनाभर क्लिपा लावून कॉलेजात गेले. मग कळलं की बट आडवी कापायची नाही, कात्री उभी धरून टोकं टोचत जायची. दर दीड महिन्यानं मी माडीचं दार लावून हे करायचे. वर्षभरात हात बसला. कॉलेजातल्या मुली विचारू लागल्या, कुठं करतेस?

दोन वर्षांत घरातलं सगळं बदललं. भावाची नोकरी सुटली होती, वहिनीला मुलगी झाली होती, आणि आबांनीच तिला पुढच्या खोलीत पार्लर काढू दिलं. एक दिवस मी कॉलेजातून आले, तर खुर्चीत बसलेल्या बाईला वहिनी सांगत होती, "ह्या बघा आमच्या ताई. हा कट माझ्या हातचा. घरचीच बाई आहे, खोटं कशाला सांगू?"

मी दप्तर खाली ठेवलं.

"नाही हो," मी त्या बाईला म्हटलं. "माझे केस मी स्वतः कापते. पहिल्यापासून. आमच्या वहिनीनंच सांगितलंय तसं."

वहिनीच्या हातातली फणी तशीच राहिली. तिचा चेहरा पडला. मला वाटलं होतं तितकं बरं मला वाटलं नाही.

मी आत गेले. माय मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "माय, त्या दिवशी वहिनीनंच कापले होते."

"मले तव्हयच समजनं व्हतं," ती म्हणाली. मान वर न करता. मागच्या केसांना इतक्या सारख्या पायऱ्या कुणाला आपल्या हातानं पाडता येतात का, असंही म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? माझं जळगाव गेलं ना!"

"ती नवी व्हती." ती जुडी संपवून दुसरी सोडू लागली. "तू मनी शेस."

मनी शेस, म्हणजे माझी आहेस. वहिनी घाबरून खोटं बोलली, ते मला कधीतरी समजलं असतं. एकोणीस-वीस वर्षांची, परक्या घरात, पेटीत लपवलेली कात्री. पण मायनं विचार करून, खरं माहीत असून, मला पुढं केलं होतं. आपलीच आहे, कुठं जाते, म्हणून.

पार्लरमधल्या त्या दिवसानंतर वहिनीशी धरलेला अबोला मी सहा महिन्यांत सोडला. तिच्या मुलीचे जावळानंतर आलेले कुरळे केस मीच विंचरायचे. आजही आमचं बरं आहे. मायशी कधी भांडण झालं नाही. पुढं पिंपळनेरच्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा पत्र आधी वहिनीला दाखवलं, मग भावाला, मग आबांना. मायला सगळ्यांत शेवटी सांगितलं. एस.टी. किती वाजता असते, तेवढं तिनं विचारलं.