शहाळ्याचं पाणी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही— बायकोपाशी नाही, आईपाशी नाही, देवापाशी तर नाहीच. तो कुणाच्या कानाला लागेल, नेम काय? तुम्हाला सांगतोय, तेही जरा तिरक्या नजरेनं तुमच्याकडे पाहतच. स्वभावच माझा तसा. दोन माणसं हळू आवाजात बोलताना दिसली की मला वाटतं, विषय माझाच.

दामोदरनं आणि मी ठाण्याच्या कचेरीत शेजारी शेजारी बसून कारकुनी केली. संध्याकाळी तळ्याकाठी आमची जुंपायची. मी सुधारक! बुद्धीला पटेल तेच करावं, बाकी रूढीबिढी गेली खड्ड्यात. तो सनातनी. म्हणायचा, "अरे, तुझी बुद्धी तुझ्या एकट्याची. उद्या ती फिरली तर? समाजानं मिळून घालून दिलेलं असतं, ते असं उठल्यासुटल्या फिरत नाही." मी सगळ्यांदेखत त्याची टर उडवायचो. त्याला राग यायचा नाही— आणि राग न येणाऱ्या माणसाचा मला फार संशय येतो.

एका वैशाखात बांधाच्या तंट्याची पाहणी करायला आम्ही दोघे बाळकुमला गेलो. ऊन असं की डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. ज्याचं शेत, तो पेद्रू नावाचा किरिस्ताव. त्याच्या ओटीवर टेकलो. बिचारा संकोचून म्हणाला, "बामनांनो, शहाळी सरली बगा. मडक्यातला पानी हाय, पन तुमाला चालाचा नाय." दामोदरनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? एवढी व्याख्यानं झोडलेली! तांब्या उचलला आणि घटाघटा प्यालो. मग तोही प्याला. तत्त्वाबित्त्वासाठी नव्हे हो, तहानेनं त्याचा जीव चालला होता.

परतताना तो गप्प. वाटभर गप्प! का गप्प? त्याच्या यमूचं लग्न कल्याणला ठरलेलं. माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला— हा आता मुलीच्या कार्याआधी शुद्ध व्हायला जाणार, प्रायश्चित्त मागणार, आणि बरोबर कोण होतं म्हणून विचारलं की माझं नाव घेणार. सनातनीच तो, दुसरं काय करील? आणि माझी आई? कडक सोवळ्यातली. तिला कळलं असतं तर माझ्या हातचं तिनं कधी काही घेतलं नसतं. मी घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो.

मग मी— थांबा, सांगतो. मीच आधी गेलो शास्त्रीबुवांकडे. फार काळजी वाटत असल्यासारखा चेहरा करून म्हणालो, दामोदरनं किरिस्तावाच्या मडक्यातलं पाणी घेतलं. आणि तुम्ही? त्यांनी विचारलंच. मी म्हणालो, "मी शहाळं घेतलं."

शहाळ्यातल्या पाण्याला विटाळ नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. रूढीला उभा जन्म हसणाऱ्या मला ऐन वेळी रूढीतलीच पळवाट कशी हो बरोबर सापडली?

दामोदरला बोलावणं गेलं. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो होतो. त्यानं एका शब्दात कबूल केलं— प्यालो. बरोबरच्यानं काय घेतलं, असं शास्त्रीबुवांनी विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "माझं मी सांगितलं. त्याचं त्याला विचारा." बस्स. मला वाटलं, हा डाव आहे, पुढेमागे वसूल करील. वर्षानुवर्षं मी वाट पाहिली. त्यानं कधी अवाक्षर काढलं नाही.

त्यानं प्रायश्चित्त घेतलं. ज्या नियमावर त्याची श्रद्धा होती तो त्यानं मुकाट पाळला. कल्याणकर म्हणाले, प्रायश्चित्त घेतलं म्हणजे बाटला होता हे सिद्धच झालं! लग्न मोडलं. आणि मी? त्याच सुमारास मी प्रायश्चित्ताविरुद्ध दणदणीत व्याख्यान दिलं. शिकलेसवरलेले लोक पंचगव्य पितात म्हणून नकला केल्या. लोक पोट धरधरून हसले. दामोदर मागच्या बाजूला बसला होता.

यमूला शेवटी दूरच्या एका बिजवराला दिली, बापाच्या वयाच्या. अंतरपाट दूर झाला तरी पोरीनं मान वर केली नाही.

चुगली कुणी केली, हे दामोदरला ठाऊक नसेल? बाळकुमला पेद्रूखेरीज तिसरं होतं कोण? तरी पंगतीत तो स्वतः माझ्या पानापाशी आला, हातात बुंदीच्या लाडवांचं ताट घेऊन. "घे रे, लाजतोस काय," म्हणाला.

मी दोन घेतले आणि पोटभर जेवलो.